नातवानं विचारलं, "मी चिनी नाही ना?"

ठाण्याच्या एका आजींचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीनं मुंबईतल्या एका चिनी कुटुंबातल्या मुलाशी लग्न केलं. जावयाचे आजोबा चीनमधून आले होते. व्याही आणि जावई या दोघांचाही जन्म मुंबईचाच. नातू सात वर्षांचा आहे, दुसरीत जातो. घरात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतात. व्याही आपल्या बहिणीशी फोनवर कँटोनीज ही दक्षिण चीनमधली भाषा बोलतात, पण ती मुलाला येत नाही. वर्गातली काही मुलं त्याला 'चिनी, चिनी' म्हणून चिडवतात, आणि एकानं 'तुमच्या देशात परत जा' असंही सांगितलं. त्या दिवशी त्यानं घरी येऊन विचारलं, "मी चिनी नाही ना?" आणि तेव्हापासून येयेंनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, शाळेत न्यायला यायचं नाही असा हट्ट धरला आहे. आजी लिहितात, "आम्ही त्याला सांगितलं की तू भारतीय आहेस, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. पण त्याचं समाधान झालेलं नाही. दोन संस्कृतींमध्ये त्याची ओढाताण होईल का? त्याला नक्की काय सांगायचं?"

आजी, तुम्ही दिलेलं उत्तर खरं आहे, पण नातवाचा प्रश्न वेगळा होता. त्याला नागरिकत्वाची शंका नव्हती. मुलं ज्या गोष्टीवरून चिडवतात ती गोष्ट आपल्यात आहे की नाही, आणि असली तर ती वाईट आहे का, हे त्याला विचारायचं होतं. 'तू भारतीय आहेस' एवढंच ऐकल्यावर सात वर्षांचं मूल त्यातून एक अर्थ काढतं : म्हणजे चिनी असणं वाईटच, आणि घरचे मला त्यातून वाचवताहेत. मग येये शाळेच्या फाटकाशी उभे राहिले की त्याला धडधडतं, कारण त्यांचा चेहरा बघून सगळ्यांना कळणार.

मुंबईत मुलांचं आणि कुटुंबांचं समुपदेशन करताना चिनी आणि मिश्र घरांतली मुलं माझ्याकडे बरीच वर्षं येत आली आहेत. कुणाचे वडील कँटोनीज, आई गोव्याची. कुणाचे दोन्ही पालक कोलकात्याहून आलेले हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधल्याच आणखी एका समाजाचे. या सगळ्यांच्या बाबतीत माझं एक मत पक्कं होत गेलं आहे, ते आधीच सांगते. दोन संस्कृती असल्यामुळे मूल अडचणीत येत नाही. दोन्हींतली एक रिकामी असली की अडचण होते. तुमच्या नातवाची मराठी बाजू भरलेली आहे. त्याला गणपती ठाऊक आहे, मोदक ठाऊक आहेत, आजोळ आहे, मामा आहे, गोष्टी आहेत. चिनी बाजूला त्याच्याकडे काय आहे? डोळ्यांची ठेवण, एक आडनाव आणि येयेंचं गप्प बसणं. ही रिकामी जागा तशी राहत नाही. वर्गातली पोरं ती भरतात, टीव्हीवरच्या बातम्या भरतात. म्हणून माझा सल्ला असा की त्याला 'तू हा आहेस' असा शिक्का देऊ नका. त्या बाजूचा ऐवज द्या. माणसं, गावं, कामधंदे, नावं, पदार्थ. तो ज्याला माहीत आहे त्याला 'चिनी' हा शब्द ऐकून येये आठवतील, शिवी आठवणार नाही.

आता हा ऐवज कुठून आणायचा, ते जरा तपशिलात सांगते, कारण आपल्या मराठी घरांमध्ये मुंबईच्या चिनी माणसांबद्दल फार कमी माहिती असते.

तुमचे व्याही कँटोनीज बोलतात म्हणजे त्यांचं मूळ बहुधा दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतात असणार. मुंबईत आलेल्या कँटोनीज लोकांपैकी पुष्कळ जण सी-यप, म्हणजे 'चार तालुके' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातले : तोयसान, होयपिंग, सुनवुई आणि यानपिंग. हा किनाऱ्याजवळचा, थोड्या जमिनीचा आणि फार माणसांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसं बोटींवर चढली आणि जगभर पसरली. कॅलिफोर्नियात सोनं शोधायला आणि रेल्वेचे रूळ टाकायला गेलेल्यांमध्ये बहुसंख्य याच भागातले होते. काही सिंगापूरला उतरले, काही कोलकात्याला, काही मुंबईच्या गोदीत. नातवाला नकाशावर हे दाखवा. सात वर्षांच्या मुलाला बोटींचा नकाशा फार आवडतो, आणि आपले पणजोबा बोटीनं आले हे त्याला मित्रांना सांगावंसं वाटतं.

मुंबईत हे लोक गोदीच्या आसपास राहिले. जहाजावरचं काम, सुतारकाम, पुढे चपलांची दुकानं, हॉटेलं, ब्युटी पार्लर. हुबेई प्रांतातून आलेल्या चिनी दंतवैद्यांचे दवाखाने तर तुमच्या पिढीनं नक्की पाहिले असतील. कामाठीपुऱ्यातली शुक्लाजी स्ट्रीट एकेकाळी चिनी वस्तीसाठी ओळखली जायची. माझगावला नवाब टँक रस्त्यावर सी यप कून हे चिनी मंदिर आहे, १९१९चं. त्या चार तालुक्यांच्याच लोकांनी ते बांधलं, नावही त्यावरूनच. तिथे क्वान कुंग या वीराची पूजा होते. हा चीनच्या 'तीन राज्यां'च्या काळातला सेनापती, दिलेला शब्द पाळणारा म्हणून देवपदाला पोचलेला. चिनी नववर्षाला तिथे जुनी कुटुंबं अजून जमतात. व्याह्यांचा त्या मंदिराशी संबंध असेल किंवा नसेलही. असला तर त्यांच्याबरोबर नातवाला घेऊन जा. नसला तरी हे मंदिर त्याच्या शहरात आहे, लोकल आणि टॅक्सीनं जाता येतं, हे त्याला कळू दे.

आणखी एक ठिकाण सुचवते, ते तर तुमच्या सहलीच्या वाटेवरचं आहे. महाबळेश्वरला 'चायनामन फॉल' नावाचा धबधबा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलाय कैदी ठेवले होते. त्यांनी तिथे बटाटे आणि इतर भाज्या पिकवल्या, मळे केले, आणि त्या मळ्यांवरून धबधब्याला हे नाव पडलं. आपण स्ट्रॉबेरी खायला जातो त्या डोंगरावर चिनी माणसांनी घाम गाळलेला आहे. मला स्वतःला ही गोष्ट मुलांना सांगायला फार आवडते, कारण 'तुमच्या देशात परत जा' म्हणणाऱ्याला महाराष्ट्राच्या मातीतूनच उत्तर मिळतं.

सरमिसळीचंही तसंच. तुमच्या मुलीचं लग्न घरात पहिलं असेल, देशात नाही. १८३०च्या दशकात आसामात चहा बनवणारे चिनी कारागीर आणले गेले, त्यांच्यापैकी काहींनी तिथल्याच बायकांशी संसार केले. माकुम गावात त्यांच्या वंशजांची मोठी वस्ती उभी राहिली. कोलकात्याच्या टांगरा भागात हक्का लोकांचे चामड्याचे कारखाने होते. त्यांच्या वस्तीतल्या कालीमातेच्या देवळात नूडल्सचा नैवेद्य दाखवतात, आणि चिनी कुटुंबं तिथे भक्तीनं हात जोडतात. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी अचिपूर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढणाऱ्या अच्यू नावाच्या चिनी माणसावरून त्याचं नाव पडलं. कोलकात्याची चिनी कुटुंबं नववर्षाच्या सुमाराला त्याच्या थडग्याला भेट द्यायला जातात. म्हणजे चिनी माणूस या देशात पेशवाई असल्यापासून आहे.

आता व्याह्यांच्या गप्प बसण्याबद्दल. हा या उत्तरातला सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि त्यावर मी थोडं थांबणार आहे.

१९६२चं युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झालं आणि २१ नोव्हेंबरला थांबलं. आपल्या दृष्टीनं ते महिन्याभरात आटोपलं. भारतातल्या चिनी कुटुंबांसाठी ते बरीच वर्षं चाललं. 'शत्रू मूळ'च्या संशयावरून माणसांना पकडण्याची तरतूद झाली, आणि आसाम, शिलाँग, उत्तर बंगाल इथून म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सुमारे तीन हजार लोकांना उचलून रेल्वेनं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. काहींची सुटका १९६७पर्यंत झाली नाही. सुटून परत आले तेव्हा अनेकांची घरंदुकानं लिलावात गेलेली होती. हजारो जण बोटींनी चीनला पाठवले गेले, ज्या देशात त्यांतल्या कित्येकांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. मुंबईत छावणीची झळ तेवढी पोचली नाही, पण परकीय म्हणून नोंदी, पोलिसांकडे हजेरी, शहराबाहेर जायचं तर परवानगी, हे सगळं होतं. जन्म इथलाच असूनही नागरिकत्वाची कागदपत्रं हातात पडायला अनेकांना १९९०चं दशक उजाडावं लागलं.

तुमचे व्याही तेव्हा लहान असतील. त्या वयातल्या मुलानं घरात काय पाहिलं असेल? माझ्यासमोर बसलेल्या वयस्क माणसांनी जे सांगितलं त्यात पुनःपुन्हा येणाऱ्या गोष्टी अशा : वडिलांनी रात्री चिनी पत्रं आणि पुस्तकं जाळली. दारावरची शुभवचनांची लाल पट्टी काढली. रस्त्यावर चिनी बोलायचं नाही अशी ताकीद दिली. कुणी विचारलं तर नेपाळी किंवा ब्रह्मी म्हणून सांगायचं. ज्या मुलांना हे शिकवलं गेलं तीच आज आजोबा आहेत. त्यांनी आपल्या मुलाला कँटोनीज शिकवली नाही, त्यामागे आळस किंवा तुटकपणा नव्हता. मुलाला जगता यावं म्हणून त्यांनी ती आपल्यापाशीच थांबवली.

या गप्प बसण्याचा पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, तो मी एका मुलीत स्पष्ट पाहिला. (तपशील बदलले आहेत.) ती कॉलेजात होती, हुशार, मराठीही उत्तम. ओळख करून देताना ती 'मी मणिपूरची' असं सांगायची. मणिपूरशी तिचा काही संबंध नव्हता. लहानपणी वडिलांनी एकदा कुणाला तरी असं सांगितलेलं तिनं ऐकलं होतं, आणि तेच तिनं उचललं. खोटं पकडलं जाईल या धास्तीनं ती मैत्रिणींना घरी आणत नसे. आमचं काम सुरू झाल्यावर मी तिला 'अभिमान बाळग' वगैरे काही सांगितलं नाही. तिच्या आजीचं नाव काय, हे शोधून आण म्हटलं. तिला ते माहीत नव्हतं. नाव सापडलं, मग गाव सापडलं, मग एक फोटो, मग आजी कशाचं दुकान चालवायची ते. हे सगळं हाती आल्यावर 'मणिपूर' आपोआप मागे पडलं, मला त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

म्हणून व्याह्यांशी बोला. जावयानं विचारण्यापेक्षा तुम्ही विचारणं अनेकदा सोपं जातं. मुलगा विचारतो तेव्हा बापाला जुनी भीती पुन्हा जागी होते. विहीणबाई चहाच्या कपाबरोबर विचारतात तेव्हा त्या समवयस्कांच्या गप्पा होतात. मात्र ६२पासून सुरुवात करू नका. त्यांच्या आईच्या हातचं काय आवडायचं, वडिलांचं दुकान कुठल्या गल्लीत होतं, शाळा कोणती, क्रिकेट कुठे खेळायचे, सिनेमे कोणत्या थिएटरात पाहिले, असं विचारा. तुम्ही दोघं एकाच काळाच्या मुंबईत वाढलात, अर्ध्या जागा तुमच्याही ओळखीच्या निघतील. युद्धाचा विषय निघायचा तर त्यांच्याच तोंडून निघेल. नाही निघाला तर राहू द्या. त्यांनी न सांगण्याचा हक्क राखून ठेवला आहे, आणि तो त्यांचाच आहे. आणि काही सांगितलंच तर ते सात वर्षांच्या मुलासमोर लगेच उलगडू नका. आत्ता त्याला एवढं पुरे : "येये लहान असताना दोन देशांचं भांडण झालं, तेव्हा काही लोक त्यांच्याशी वाईट वागले. ती लोकांची चूक होती." छावणी, लिलाव, हे बाराव्या-तेराव्या वर्षी, जेव्हा त्याला इतिहासाच्या पुस्तकात १९६२ भेटेल आणि त्या धड्यात आपलं घर कुठे होतं हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडेल.

नातवाला उद्या काय सांगायचं, तेही लिहून देते. शब्द तुमचे वापरा, पण गाभा असा असू दे :

"हो, तू चिनी आहेस. बाबांकडून. आणि मराठी आहेस, आईकडून. आणि भारतीय आहेस, कारण आपण सगळेच आहोत. तुझे पणजोबा चीनमधून बोटीनं मुंबईला आले. येये मुंबईत जन्मले, बाबा मुंबईत जन्मला, तू पण. चिनी असणं ही काही शिवी नाही. ती मुलं शिवीसारखं म्हणतात, ते चूक आहे, आणि ते थांबवणं हे आम्हा मोठ्यांचं काम आहे. तुझं नाही."

'अर्धा' हा शब्द यात नाही, आणि मी तो घरात कुणीच वापरू नये असं म्हणेन. नातेवाईक कौतुकानं म्हणतात, 'नाक आमचं, डोळे तिकडचे'. मोठ्यांना ते लाडाचं वाटतं. मुलाला मात्र त्यातून आपले दोन तुकडे मोजले जाताहेत असं ऐकू येतं. मूल दोन्ही बाजूंनी पूर्णच असतं. मिश्र वंशाच्या माणसांवर काम करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांनी १९९०च्या दशकात अशा माणसांच्या हक्कांची एक यादीच केली होती. त्यात म्हटलं आहे की मला माझ्या भावंडांपेक्षा वेगळी ओळख सांगण्याचा हक्क आहे, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी सांगण्याचा हक्क आहे, आणि आयुष्यात ती एकापेक्षा जास्त वेळा बदलण्याचाही. मी पालकांना हे नेहमी सांगते, कारण पालकांना लवकर 'सेटल' झालेली ओळख हवी असते. तुमचा नातू पंधराव्या वर्षी कदाचित चिनी अक्षरं गिरवत बसेल आणि विसाव्या वर्षी ढोलताशा पथकात असेल. दोन्ही खरं असेल.

शाळेकडे मात्र ताबडतोब जायला हवं. आईवडिलांनी दोघांनी मिळून जावं, एकट्या आईनं नव्हे. वर्गशिक्षिकेला नेमकी वाक्यं सांगा, कधी आणि कुणाच्या देखत बोलली गेली ते सांगा, लेखी द्या. 'मुलं आहेत, चालायचंच' असं उत्तर आलं तर मुख्याध्यापकांना भेटा. करोनाच्या साथीत आणि जून २०२०मध्ये गलवानच्या चकमकीनंतर या कुटुंबांना जे सोसावं लागलं ते मी जवळून पाहिलं आहे. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली माणसं आपण भारतीय असल्याचे फलक हातात घेऊन कोलकात्यात रस्त्यावर उभी राहिली. मोठ्यांनाही असं सिद्ध करावं लागणं अन्यायाचं आहे, दुसरीतल्या मुलावर तर ती पाळी येताच कामा नये. शिक्षिका चांगल्या हेतूनं एक गोष्ट सुचवतील, ती नम्रपणे नाकारा : 'त्याला वर्गात चीनबद्दल बोलायला सांगू या.' तो चीनला कधी गेलेला नाही. त्याला चीनचा प्रतिनिधी करून उभं केलं की मुलांच्या मनात तेच पक्कं होतं जे आपल्याला पुसायचं आहे. त्यापेक्षा वर्गातल्या सगळ्याच मुलांनी आपले आजी-आजोबा कुठल्या गावाहून मुंबईला-ठाण्याला आले ते विचारून यावं. कोकण, सातारा, आझमगड, केरळ, आणि क्वांगतुंग. त्या फळ्यावर आपोआप सगळं दिसेल.

येयेंनी शाळेत येऊ नये या हट्टाचं काय करायचं? मी आजोबांचं येणं बंद करणार नाही. ते बंद झालं तर मुलाला कळतं की लपवण्यासारखं काहीतरी आहे, आणि आजोबांनाही कळतं. पण लगेच जबरदस्तीनं फाटकाशीही उभं करू नका. थोडे दिवस तुम्ही आणि येये दोघं मिळून जा. वाटेत काही खाऊ घ्या, त्याच्या एखाद्या मित्रालाही द्या. शाळेशी बोलणं झालेलं असेल, चिडवणं कमी झालेलं असेल, तर हे आपोआप सैल होतं. व्याह्यांना या हट्टाचं कारण सांगायचं की नाही, हे जावयाला ठरवू द्या. माझा अनुभव असा की त्यांना ते आधीच कळलेलं असतं.

भाषेबद्दल लोक मला हमखास विचारतात, मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेच्या, क्लासला घालू का? करिअर म्हणून पुढे घालायचं तर घाला, चांगलंच आहे. पण त्यानं येये जवळ येणार नाहीत. ते कँटोनीज बोलतात, कदाचित त्यातही तोयसानकडची बोली. ऐकायला ती मँडरिनपेक्षा इतकी वेगळी आहे की एकाला दुसऱ्याचं समजत नाही. परदेशी गेलेल्या कुटुंबांत साधारण तिसऱ्या पिढीत घरची भाषा सुटते, हे जगभर दिसतं, आणि तुमच्याकडे ते घडून गेलं आहे. अख्खी भाषा परत आणायचा ध्यास धरू नका. नात्यांची नावं, जेवायला बसतानाची दोन वाक्यं, आकडे, नववर्षाच्या शुभेच्छा, एवढं येयेंच्याच तोंडून शिकलं तरी खूप झालं. चिनी नात्यांच्या नावांत आपल्यासारखीच बारकाई आहे. आईकडचे आजोबा वेगळे, वडिलांकडचे वेगळे, काका वडिलांपेक्षा मोठा की धाकटा यावरून वेगळा. आत्या, मावशी, मामी शिकलेल्या मराठी मुलाला ते अवघड जात नाही.

त्याला चिनी नाव आहे का, हे विचाराल का? पुष्कळ घरांत ते असतं, पण कुठे लिहिलेलं नसतं. आडनाव आधी येतं, आणि पुष्कळ कुटुंबांत एका पिढीच्या सगळ्या भावंडांच्या नावांत एक अक्षर सामाईक असतं, त्यावरून कोण कोणत्या पिढीचं ते कळतं. आपल्याकडच्या कागदपत्रांत या नावांची नेहमी गफलत होते, शेवटचा शब्द आडनाव समजला जातो, आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी झालेली मी पाहिली आहेत. येयेंना नातवाचं नाव ब्रशनं किंवा साध्या पेननं लिहून द्यायला सांगा. नाव नसेल तर त्यांनाच ठेवायला सांगा. सत्तरी गाठलेल्या माणसाला नातवाचं नाव ठेवायला सांगणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

खाण्यापिण्याबद्दल थोडंच. गाडीवरचं मंचुरियन म्हणजे चिनी जेवण असं मुलाला वाटत असेल तर त्यात त्याचा दोष नाही. ते मुंबईचंच अपत्य आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. घरचं कँटोनीज जेवण निराळंच : आलं-कांद्याची पात घालून वाफवलेला मासा, हलकी सुपं, खारवलेलं अंडं, आणि ताप आला की मऊ भाताची पेज. ती पेज तुमच्याकडेही होते. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, तेव्हा थडगी झाडून पूर्वजांपुढे जेवण ठेवतात. मुंबईतली चिनी दफनभूमी अँटॉप हिलला आहे. व्याही जात असतील तर नातवाला एकदा जाऊ द्या, आणि पितृपक्षात तुमच्याकडचं पान वाढताना त्याला जवळ बसवा. दोन्हीकडे हात जोडलेल्या मुलाचा गोंधळ होतो असं मी अजून पाहिलेलं नाही. व्याही ख्रिस्ती असतील, मुंबईतली बरीच चिनी कुटुंबं आहेत, तर त्यांच्या प्रार्थनेलाही हेच लागू.

तुम्ही विचारलेलं नाही, पण एक गोष्ट पुढे येणार म्हणून आत्ताच सांगते. सासरची माणसं मुलाचं कौतुक तोंडावर करत नाहीत, सारखं अभ्यासाचं विचारतात, अशी तक्रार मुली माझ्याकडे करतात. रूथ चाओ या संशोधिकेनं १९९४मध्ये दाखवून दिलं की चिनी आईवडिलांच्या शिस्तीला पाश्चात्त्य मोजपट्टी लावली की ती नुसती हुकूमशाही दिसते, पण त्यात मुलाला घडवण्याची जबाबदारी आणि जवळीक दोन्ही गुंफलेली असतात. याचा अर्थ टोचून बोललेलं सगळं सोसावं असा नाही. सोललेल्या संत्र्याच्या फोडी निमूटपणे पुढ्यात ठेवणारे आजोबा 'शाब्बास' म्हणणार नाहीत, एवढं तुमच्या मुलीला ठाऊक असावं. आणि मुलाला 'शाब्बास' हवंच असतं, ते तुम्ही द्या.

काही खुणांकडे लक्ष ठेवा. सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखणं, आरशात डोळे ताणून बघणं, चित्रात स्वतःला सोडून घरच्यांना काढणं किंवा बाबा-येयेंना वगळणं, टाल्कम पावडर घासत राहणं, दुसऱ्या कुणाला तरी तसंच चिडवायला लागणं. यातली शेवटची खूण पालक दुर्लक्षितात, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. यातलं काही तीन-चार आठवडे टिकलं तर मुलांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे न्या. लगेच कुणी मिळत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. शाळा ऐकतच नसेल आणि छळ वाढत असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

हे सगळं वाचून उद्याच घरात मोहीम काढू नका. आधी मुलीला आणि जावयाला हे उत्तर दाखवा. मूल त्यांचं आहे, आणि जावयाला स्वतःच्या लहानपणाबद्दल यात काही आठवेल, त्याला त्यासाठी वेळ लागेल. त्या दोघांचं ठरलं की शाळेची भेट या आठवड्यात उरका. व्याह्यांकडच्या गप्पांना घाई नाही, फक्त त्या सुरू करा.